जंगलाची वाट

ताईचा डावा गुडघा बदलून तीन वर्षं झाली. उजवा अजून मूळचा आहे आणि कुरकुर तोच करतो. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं बहीणभाऊ सॅन होजेला तिच्या मुलाकडे मुक्कामाला होतो, तेव्हा शनिवार-रविवारची ठिकाणं त्या उजव्या गुडघ्याला विचारूनच ठरत. योसेमिटी असंच बाद झालं. मग एका शुक्रवारी रात्री जेवताना भाचा म्हणाला, “आई, एक जंगल आहे. ओढ्याच्या कडेकडेनं वाट जाते, चढ जवळजवळ नाहीच. तुला जमेल.” आणि माझ्याकडे वळून, “मामा, तुम्हाला लिहायला तिथं काहीतरी मिळेल.” काय मिळेल, ते मात्र त्यानं पोटातच ठेवलं.

सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून निघालो. सॅन होजेहून समुद्राकडे जायचं तर सांताक्रूझचे डोंगर ओलांडावे लागतात. रस्त्याचं नाव हायवे १७. वळणं आपल्या कुंभार्ली घाटाची, वेग मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा, त्यामुळे मागच्या सीटवर ताईचं नामस्मरण चालू होतं. घाट लागताच डाव्या हाताला एक जलाशय दिसतो, लेक्सिंग्टन नावाचा. १९५२ साली धरण झालं आणि लेक्सिंग्टन नि अल्मा या दोन गावांच्या जागा त्याच्या पाण्याखाली गेल्या, असं भाच्यानं सांगितलं. नामस्मरण थांबलं. “माणसं कुठं गेली मग?” ताईनं विचारलं. आम्ही पाटणचे. धरणाचं पाणी दिसलं की आम्हाला त्याखालचं गाव आधी दिसतं.

डोंगर उतरून हायवे १ ला लागलं, की दक्षिणेला थोड्याच अंतरावर ॲप्टॉस येतं. हे नाव इथल्या मूळच्या ओलोनी लोकांच्या भाषेतून आलेलं. स्पॅनिश मिशनऱ्यांनी १७९१ मध्ये सांताक्रूझला मिशन उभारलं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ते लोक जवळजवळ पुसले गेले. नाव राहिलं, गावाला आणि ओढ्याला. हा ॲप्टॉसचा ओढा ज्या जंगलातून येतो ते ‘द फॉरेस्ट ऑफ निसीन मार्क्स स्टेट पार्क’. दहा हजार एकरांहून मोठं. स्टेट पार्क म्हणजे आपल्याकडच्या मापानं ना धड अभयारण्य, ना बाग. मालक राज्य, आत जायला गाडीमागे पैसे, बसायला लाकडी टेबलं, आणि पानसुद्धा तोडायला मनाई. कॅलिफोर्नियात या प्रथेची सुरुवात १९०२ साली जवळच्याच बिग बेसिनपासून झाली, तीही रेडवूडची झाडं वाचवायला.

गाडी लावून पन्नास पावलं आत गेलो आणि उजेड बदलला. रेडवूडचं वर्णन करताना लोक उंचीपासून सुरुवात करतात, कारण आकडे तसे आहेत. जगातलं सर्वांत उंच झाड याच जातीचं, उत्तर कॅलिफोर्नियात, ११५ मीटरच्या वर. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला उंची दिसतच नाही. मान मागे टाकली की थोड्या वेळानं खोड दुसऱ्या खोडांत हरवतं आणि डोक्यावरची टोपी पडते. दिसते ती साल. तांबूस, दोरखंडासारखी पिळलेली, हाताला काथ्यासारखी लागणारी. आणि जाणवतो तो पायाखालचा मऊपणा, कारण सुयांसारख्या पानांचा थरावर थर पडलेला असतो. ताईनं दोन्ही पाय जरा दाबून पाहिले आणि म्हणाली, “हे बरंय. माझ्या डॉक्टरला दाखवायला पाहिजे.”

आमची चाल मैलांत मोजण्यासारखी नव्हती. ताई माळीण नाही, पण तिला झुडूप दिसलं की चौकशी करायचीच असते. वाटेच्या कडेला तीन पानांच्या दाट गाद्या पसरल्या होत्या. प्रत्येक पान म्हणजे बदामाच्या आकाराच्या तीन पाकळ्या. “अरे, ही आंबुशी!” ती म्हणाली. आणि खरंच, ती आंबुशीचीच बहीण, ऑक्सॅलिस कुळातली. आपल्याकडची कुंडीत उगवणारी जरा किरकोळ, ही राजेशाही थाटाची. एक पान ताईनं तोडून तोंडात टाकलंच. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचा कायदा. “आंबट आहे,” ताईनं निकाल दिला.

पुढे त्यानं सावधपणे तिला दुसरी तीन पानं दाखवली. पॉयझन ओक. तेल अंगाला लागलं की आठवडाभर खाज आणि फोड. आपल्याकडे बिब्ब्याचं जे भय, तेच इथं याचं, आणि दोघं एकाच कुळातले आहेत, काजू-आंब्याच्या. त्यानंतर मात्र ताईनं हात पदराखाली ठेवले. तमालपत्राचा वास सुटला तेव्हा तेवढं तिनं नाकानंच पाहिलं. ते कॅलिफोर्निया बे, आपल्या तमालपत्राहून दुप्पट उग्र. त्याच्याच बुंध्याशी एक पिवळीधमक बिनशंखाची गोगलगाय चालली होती, वीतभर लांब, पिकल्या केळ्यासारखी, अंगावर केळ्यासारखेच काळे ठिपके. बनाना स्लग. सांताक्रूझच्या विद्यापीठानं हिला आपलं मानचिन्ह केलंय. बाकीच्या विद्यापीठांच्या खेळाडूंच्या छातीवर वाघ-अस्वलं, आणि यांच्या गोगलगाय. मला ते विद्यापीठ एकदम आवडलं.

ओढा सतत बरोबर होता, कधी डावीकडे, कधी पायाखाली. पाणी घोट्याएवढं, तळ स्वच्छ. मोठमोठी खोडं आडवी पडलेली, आणि ती कोणी उचलत नाही. मला वाटलं हा सरकारी आळस. भाचा म्हणाला, नाही, ती मुद्दाम राहू देतात. खोडाआड पाणी खोल होतं, सावली मिळते, आणि समुद्रातून चढून येणाऱ्या स्टीलहेड माशाची पिल्लं तिथं वाढतात. मे संपला की ऑक्टोबरपर्यंत इथं पाऊस जवळजवळ नसतो. आपल्या सह्याद्रीच्या बरोबर उलटं गणित. आपलं रान चार महिने पिऊन आठ महिने जगतं, तर रेडवूड उन्हाळाभर धुकं पितं. मॉन्टरेच्या उपसागरावरून धुकं आत येतं, उंच फांद्यांच्या पानांना अडकतं, त्याचे थेंब होऊन खाली मुळांवर पडतात. वर्षभरात झाडाला लागणाऱ्या पाण्यातला तिसरा हिस्सासुद्धा असा मिळू शकतो. म्हणजे झाड स्वतःच स्वतःवर पाऊस पाडतं.

तासाभरात ताई एकदाही थांबली नव्हती, याचं मला आश्चर्य वाटायला लागलं. ती बोलत होती, धापत नव्हती. वाट रुंद, सपाट, आणि तिचा चढ इतका एकसारखा की एखाद्या इंजिनिअरनं आखल्यासारखा. मी तसं म्हटल्यावर भाचा हसला. “इंजिनिअरनंच आखलाय, मामा. हा रेल्वेचा भराव आहे.”

तेव्हा मी पायाखाली नीट पाहायला लागलो, आणि जंगल उलटं दिसायला लागलं.

१८८३ साली इथं ओढ्याच्या बाजूनं रेल्वे घातली गेली. सदर्न पॅसिफिक कंपनीची, पण बसायला माणसं नव्हती, आणायला लाकूड होतं. लाकूड लोमा प्रीएटा लंबर कंपनीचं. दरी फोडून, घळींवर लाकडी पूल बांधून, काही मैल आतपर्यंत रूळ नेले ते चिनी मजुरांनी, आणि तेही अमेरिकेनं चिनी मजुरांना देशाचे दरवाजे बंद करणारा कायदा केला त्याच्या दुसऱ्याच वर्षी. रेल्वेला चढ सोसत नाही. आपला खंडाळ्याचा घाट ३७ फुटांना १ फूट चढतो, तर तिथं अजून मागून ढकलायला इंजिनं लावावी लागतात. म्हणून रुळांची वाट ओढ्याची सोबत सोडत नाही आणि डोंगराच्या नादी लागत नाही. ताईच्या गुडघ्याला जे सुख होतं ते ओंडके वाहून नेण्याच्या सोयीसाठी केलेलं होतं.

चाळीस वर्षं तोड चालली. सुमारे १४ कोटी बोर्ड फूट लाकूड या दरीतून बाहेर गेलं. आपल्या वखारीच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ एक कोटी सतरा लाख घनफूट. रेडवूडला वाळवी सहसा लागत नाही, ते लवकर कुजत नाही. आपल्याकडे जो मान सागवानाचा, तो तिकडे याचा. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं तेव्हा ते पुन्हा उभारायला लाकडाची मागणी एकदम वाढली. त्याच भूकंपानं या डोंगरांतही कडा ढासळून कंपनीची एक गिरणी गाडली, आत नऊ कामगार होते. शहर उभं करायला लाकूड पुरवणारे त्याच धक्क्यात मेले, आणि गिरण्या पुन्हा चालू झाल्या. दरीत लोमा प्रीएटा नावाचं अख्खं गाव होतं, हॉटेल होतं, तारघर होतं. आज तिथं एक माहितीफलक आहे आणि झाडं आहेत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी निघून गेली, कारण तोडण्याजोगं काही उरलं नव्हतं.

मराठीत ‘जंगलाची वाट’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. इथं ते एकावर एक पडलेत.

बुंधे अजून आहेत. आधी ते मला दगड वाटले होते, काळे, शेवाळलेले, खोलीएवढे. जवळ जाऊन पाहिलं तर बाजूला दोन खोबण्या, डोळ्यांसारख्या. झाड तळाशी फार रुंद असायचं आणि करवत पुरायची नाही. म्हणून माणसाच्या उंचीच्या वर खाच पाडायची, तिच्यात फळी रोवायची, फळीवर उभं राहून वर कापायचं. त्या फळ्यांच्या या खाचा. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी बुंधा कुजला नाही. लाकडाचा जो गुण पाहून तोडलं, त्यानंच पुरावा टिकवला.

आणि प्रत्येक बुंध्याभोवती नवी झाडं गोल उभी. रेडवूडची ही खोड आहे. बहुतेक सूचिपर्णी झाडं तोडली की मरतात. रेडवूडच्या बुडाशी सुप्त डोळे असतात, वरचा भार गेला की ते फुटतात. शेवग्यासारखं, नाहीतर आपल्याकडच्या आईनासारखं. मूळ झाडाचा घेर जेवढा, तेवढं कडं. इंग्रजीत याला परीचं रिंगण म्हणतात. “वारी बघितली नाही यांनी,” ताई म्हणाली. “मधे घोडा सोडला की झालं.” मग ती एका रिंगणात शिरली आणि मोजायला लागली. सात. भाच्यानं मोजले ते सहा, कारण दोन खोडं खाली जोडलेली होती. मी मध्यस्थी करायला गेलो आणि आठ मोजले. शास्त्र तिघांनाही खोटं ठरवतं. ही सगळी एकाच मुळाची, एकाच वाणाची, म्हणजे हिशेबाला एकच झाड. जे १९०० च्या आसपास तोडलं, ते अजून उभं आहे.

मूळ पुरातन रेडवूड जंगलातलं आज पाच टक्क्यांच्या आसपासच शिल्लक आहे. निसीन मार्क्सचं जंगल त्यात धरत नाहीत. हे सगळं दुसऱ्यांदा आलेलं. शंभर वर्षांचं झाड म्हणजे रेडवूडच्या मानानं पोरगंच, ही जात दोन हजार वर्षंसुद्धा जगते. तरी मला त्या पाच टक्क्यांपेक्षा हे जास्त ओळखीचं वाटलं. तिथं माणसानं हात लावला नाही म्हणून देवराई टिकते तसं ते टिकलं. इथं सगळं लुटून झाल्यावर फक्त पाठ फिरवली गेली.

पाठ फिरवणंही आपोआप झालं नाही. १९५० च्या दशकात सलिनास खोऱ्यातल्या मार्क्स नावाच्या शेतकरी कुटुंबानं ही तोडलेली जमीन विकत घेतली ती तेल मिळेल म्हणून. विंधणं घेतली, तेल लागलं नाही. मग १९६३ साली मुलांनी नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मध्यस्थीनं सुमारे ९,७०० एकर राज्याला देऊन टाकले, आईच्या नावानं. निसीन मार्क्स, डेन्मार्कहून आलेली, झाडापानांत रमणारी बाई. देताना अट घातली, की जागा नैसर्गिक अवस्थेतच राहिली पाहिजे. मला यात त्या बाईपेक्षा कोरड्या निघालेल्या विहिरींचं कौतुक जास्त वाटतं. तेल लागलं असतं तर पार्कला नाव दुसरंच कुणाचं तरी मिळालं असतं, किंवा पार्कच नसता.

दशम्या आम्ही ओढ्याकाठच्या टेबलावर खाल्ल्या. तुरेवाला एक निळा जे पक्षी येऊन चटणीकडे पाहत बसला. परत फिरावं असं माझं मत होतं, पण भाच्याची गंमत अजून पुढे होती आणि उजवा गुडघा गप्प होता. वाट अरुंद झाली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या किनाऱ्याला वादळांनी झोडपलं होतं. हाच ओढा जिथं समुद्राला मिळतो त्याच्याजवळ सीक्लिफचा जुना लाकडी धक्का होता, लाटांनी तो इतका मोडला की शेवटी पाडावा लागला. वरही दरडींच्या खुणा होत्या, आणि दोन ठिकाणी ताईला हात द्यावा लागला.

मग झाडीत एक साधी पाटी आली. भाचा बाजूला उभा राहिला. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रीएटा भूकंपाचा केंद्रबिंदू.

भूकंपाला नाव मिळालं ते जवळच्या शिखराचं. लोमा प्रीएटा म्हणजे स्पॅनिशमध्ये काळी टेकडी. पाटीच्या आसपास पाहण्यासारखं काही नाही. भेग नाही, खड्डा नाही. सॅन अँड्रियासची प्रसिद्ध भेग इथून काही किलोमीटर ईशान्येला जमिनीवर येते. पण इथं ती सरळ खाली जात नाही, तिरकी या बाजूला झुकते, म्हणून खोल जिथं खडक सुटला त्याच्या बरोबर वरची जागा ओढ्याकाठच्या या झाडीत आली. खोली सुमारे १८ किलोमीटर. “म्हणजे पाटणपासून कोयनानगर, उभं खाली,” ताई म्हणाली, आणि पाटीशेजारच्या ओंडक्यावर बसली.

भाच्याला वाटलं होतं, आईला मजा वाटेल. तो सॅन होजेत वाढलेला नाही, पण कोयनेचा भूकंप त्याच्या लेखी आजीच्या गोष्टींतला. मी स्वतः त्या भूकंपानंतर जन्मलो. आमच्या घरी काळाचे दोन भाग होते, भूकंपाआधी आणि भूकंपानंतर, आणि मी दुसऱ्या भागातला म्हणून माझं मत कोणी घेत नसे. ताई तेव्हा नऊ वर्षांची होती. ही हकिकत तिनं मला तुकड्यातुकड्यांत सांगितलेली आहे, सलग मात्र तिथंच, त्या ओंडक्यावर पहिल्यांदा सांगितली.

धरणात पाणी साठायला लागल्यापासून जमिनीखाली गडगड व्हायची. भांडी वाजायची. लोक म्हणायचे, कोयना बोलतेय. सप्टेंबरात एक मोठा झाला, भिंतींना तडे गेले, लोकांनी ते लिंपून टाकले. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. “नेहमीचीच वाटली,” ताई म्हणाली. “मी कुशीवर वळले. मग नेहमीसारखी थांबेना.” दाराची चौकट वाकडी झाली आणि आतली कडी अडकली. वडिलांनी कोयत्यानं उचकटून दार काढलं. बाहेर येईपर्यंत मागची दगडमातीची भिंत गोठ्यात पडलेली. म्हैस वाचली, रेडकू गेलं. पुढचे तीन महिने सगळी गल्ली रानात मांडव घालून राहिली. घरावर कौलं जाऊन पत्रे आले. आणि ताई आजतागायत झोपायच्या खोलीला आतून कडी लावत नाही. सॅन होजेतही नाही.

कोयनेचा भूकंप साधारण ६.३ तीव्रतेचा, मृत्यू १८० च्या आसपास. लोमा प्रीएटाची तीव्रता आधी ७.१ सांगितली गेली, नंतर ६.९ ठरली. आकडा थोडासाच मोठा दिसतो, पण बाहेर पडलेली ऊर्जा जवळपास आठपट. इथं मेले ६३, त्यातले ४२ एकट्या ओकलंडमध्ये, दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्यावर बसला तिथं. आणि १९९३ ला किल्लारीला, कोयनेएवढ्याच धक्क्यात, जवळजवळ दहा हजार. भाचा म्हणाला, बांधकामाचा फरक. लाकडी सांगाड्याची घरं लवतात, करकरतात, पण अंगावर कोसळत नाहीत. दगडमातीची जाड भिंत तेवढ्यात सुटते. खरंच आहे. त्याच्या स्वतःच्या घरातली पुस्तकांची कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली आहेत, पाण्याचा बंबसुद्धा. ती घरं ज्या लाकडाची, ते एकेकाळी या असल्याच दऱ्यांतून गेलं.

मी मला माहीत असलेलं सांगितलं. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होतात याचा अभ्यास करणारा जगातला कुणीही कोयनेला वळसा घालून जाऊ शकत नाही. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे, भेगेच्या अंगात डोकवायला तिच्यातर्फे तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं गेलं. तसंच एक विंधण इकडे पार्कफील्डला सॅन अँड्रियासमध्ये आहे, जवळपास तेवढंच खोल. ताईचं लक्ष नव्हतं. ती पाटीकडे पाहत होती.

“किती वाजता झाला हा?”

“संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी,” भाचा म्हणाला. “बेसबॉलची मोठी मॅच सुरू व्हायची होती, सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध ओकलंड. टीव्हीवर थेट दिसलं सगळ्यांना. बरेच लोक मॅचसाठी लवकर घरी गेले होते, म्हणून रस्ते जरा मोकळे होते.”

“संध्याकाळी,” ताई म्हणाली. “म्हणजे सगळे जागे होते.”

त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. ती ओंडक्यावरून उठली ती माझा हात न धरता.

परतीला उतार होता, म्हणजे असावा, कळत नव्हता. रिंगणापाशी आल्यावर ताई पुन्हा आत शिरली. भाच्यानं घड्याळाकडे पाहिलं, हायवे १७ वर गर्दी व्हायची वेळ झाली होती. आतून तिचा आवाज आला, मोजण्याचा, मोठ्यानं. सातवर थांबली, आणि मग खाली वाकून त्या जोडखोडाचं बूड पाहायला लागली.